नळीतली लग्नं

कुवेतला गेलेला आपला माणूस पहिल्या पगारात घड्याळ घेतो आणि चार वर्षांनी फ्रिज. फ्रिज घरात आला की अक्कलही त्यात जाते. मे महिन्यात बाहेर डांबर पायाला चिकटत असतं, म्हणून जे जे जपायचं ते फ्रिजमध्ये, असा नियमच होऊन बसतो. अत्तर फ्रिजमध्ये, सुरमा फ्रिजमध्ये, रत्नागिरीहून बोटीने आलेला हापूस तर फ्रिजमध्येच. एका गृहस्थाने बायकोचे दागिने पापलेटच्या पोटात भरून ठेवले होते आणि ती हुशारी तो दर ईदला लोकांना ऐकवायचा.

कुवेतच्या सालमिया भागातल्या भारतीय मुलांच्या एका खाजगी शाळेत असा एकच फ्रिज होता. तो हेडमास्तर बदरुद्दीन सरांच्या खोलीत, एअर कंडिशनरच्या शेजारी, कुलूप लावून उभा असे. साल १९६४. फ्रिजमध्ये सरांचं ताक, सरांचं पोटाचं औषध, सरांचे आंबे आणि वार्षिक परीक्षेच्या प्रश्नपत्रिका. शाळेत थंड पाणी मागितलं की मुलांना गच्चीवरच्या टाकीचं मिळे, म्हणजे चहा करायला आधण चढवावं लागू नये असं.

त्याच गच्चीवर पत्र्याच्या शेडमध्ये शाळेची प्रयोगशाळा होती. ती सांभाळायला इद्रीस होता. दाभोळचा, वय अठ्ठावीस, शिक्षण सातवी. काचेच्या नळ्या धुणे, बाटल्या पुसणे, वर्ग चालू असताना मागे उभं राहणे, सर ‘आण’ म्हणाले की आणणे आणि ‘ने’ म्हणाले की नेणे. इंग्रजी तो बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचून शिकला. त्यामुळे त्याला ‘गुड मॉर्निंग’च्या आधी ‘विषारी’ आणि ‘ज्वालाग्राही’ हे शब्द इंग्रजीत वाचता येऊ लागले, आणि शाळेतल्या माणसांची वर्गवारी करायला तेवढे पुरत होते.

बदरुद्दीन सर बाणकोटचे. बी. ए., फारसी विषय घेऊन, तिसऱ्या वर्गात. रसायनशास्त्र तेच शिकवत. कारण एक, त्या पगारात रसायनशास्त्राचा मास्तर टिकत नसे. कारण दोन, ज्याला घालता येतं पोरांना डिक्टेशन, त्याला शिकवता येतं, अशी त्यांची पक्की समजूत. मेव्हण्याच्या इंटर सायन्सच्या जुन्या वह्या त्यांच्याकडे होत्या. वहीची पानं पिवळी, त्यावरची शाई तपकिरी, आणि सरांची समज कोरी.

अकरावीला ‘रासायनिक समतोल’ हा धडा ते दर वर्षी एकाच दिवसात उरकत. “लिहा. समतोल म्हणजे विक्रिया थांबली. दोन्ही बाजू समान झाल्या. निम्मा माल इकडे, निम्मा तिकडे. फुलस्टॉप. पुढचा प्रश्न.” इद्रीसने हे तीन वर्षं मागे उभं राहून ऐकलं होतं. त्याला त्यातलं काही पटत नसे. पण पटवून घेण्याचा पगार त्याला मिळत नव्हता.

त्या धड्यासाठी शाळेत एकच वस्तू होती. बोटाएवढी जाड, वीतभर लांब काचेची नळी, दोन्ही टोकं वितळवून कायमची बंद केलेली. आत तपकिरी वायू. लंडनहून आली होती, कापसात गुंडाळून, सोबत छापील कागद. ती नळी कोणी फोडू नये म्हणून सर तिला वर्गात कधी आणतच नसत. ती शेडमध्ये कपाटात पडून असे, आणि मे महिन्यात तिच्यातला रंग काताच्या पाण्यासारखा गडद लाल-तपकिरी दिसे.

यंदा मात्र नळीला बाहेर निघायची वेळ आली. अकरावीचा वर्ग पुढे चालवायला सरकारी परवानगी लागत होती, आणि ती द्यायची की नाही हे ठरवायला शिक्षणखात्याचा तपासनीस रविवारी येणार होता. कोणी उस्ताद शफीक म्हणून पॅलेस्टिनी गृहस्थ. परवानगी नाही तर अकरावी नाही, अकरावी नाही तर प्रयोगशाळा नाही.

गुरुवारी दुपारी शाळा सुटताना सर गच्चीवर आले. पत्र्याखाली दोन मिनिटं उभे राहिले आणि त्यांच्या मानेवरून घामाचे ओघळ सुरू झाले.

“ती नळी कुठाय?”

इद्रीसने कपाटातून काढून दिली. सरांनी डब्यावरची चिठ्ठी वाचली. “थंड जागी ठेवा, असं लिहिलंय. आणि तू तिला या भट्टीत ठेवलीस? फुटली असती म्हणजे?”

“तीन वर्षं इथंच हाय, सर.”

“तीन वर्षं चूक केलीस म्हणून ती बरोबर होत नाही. खाली आण. फ्रिजमध्ये ठेव.”

इद्रीसने नळी फडक्यात गुंडाळली, सरांच्या खोलीत नेली, आणि सरांच्या देखत ताक आणि आंबे यांच्या मधोमध ठेवली. सरांनी कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली. शुक्रवारी सुट्टी.

शनिवारी सकाळी सात वाजता इद्रीसला बोलावणं आलं.

तो खोलीत शिरला तेव्हा सर दुसऱ्यांदा फ्रिज उघडून उभे होते. फडकं जमिनीवर पडलं होतं आणि नळी सरांच्या मुठीत. काताचा रंग गेला होता. लिंबाच्या पातळ सरबताला असतो तसा फिका पिवळा काहीतरी आत उरला होता, तोही नीट बघितलं तर.

“कुठे गेला?” सर म्हणाले.

“कोण?”

“वायू. नाटक करू नकोस. गुरुवारी नळी भरलेली होती. आज रिकामी आहे. तूच ठेवलीस ना आत?”

“मीच ठेवली. तुमीच उभे होता.”

“मी आंब्यांकडे बघत होतो.”

इद्रीसने नळीच्या दोन्ही टोकांकडे बघितलं. काच अखंड. “सर, ही दोन्हीकडनं बंद हाय. मी काढला तर कुठनं काढला?”

“ते तू सांगायचंस. चोराने सांगायचं असतं, पोलिसाने नाही.” सर आता टेबलाभोवती फिरू लागले, नळी छडीसारखी हलवत. “तुझ्या खोलीवर तो गफूर राहतो ना? सोनाराकडे कामाला असलेला? सोनार सोनं धुवायला ॲसिड वापरतात, त्यातून हाच तपकिरी धूर निघतो. माहीत नाही असं समजू नकोस. तू विकलास. किती आले?”

हे सगळं दहा मिनिटं चाललं. सर ओरडत होते आणि नळी त्यांच्या गरम, घामट मुठीत होती. इद्रीस आरोपीसारखा मान खाली घालून उभा होता, त्यामुळे त्याची नजर बरोबर त्या मुठीच्या उंचीवर होती. आणि त्याला दिसलं, आपण आत आलो तेव्हा जो रंग होता तो आता नाही. थोडा चढलाय. सरबत होतं ते आता पातळ चहा झालंय.

“सर, जरा बघा—”

“काही बघायचं नाही. हा पुरावा आहे.” सरांनी नळी परत फडक्यात गुंडाळली, फ्रिजमध्ये ठेवली आणि कुलूप लावलं. पुरावा बिघडू नये म्हणून.

मग त्यांनी टेबलावरचा, पहाटेच टाईप करून ठेवलेला एक कागद इद्रीसपुढे धरला. शाळेच्या कफीलच्या, म्हणजे सगळ्यांना जामीन असलेल्या अरब मालकाच्या नावाने पत्र. प्रयोगशाळेतल्या वस्तूची चोरी, नोकरीवरून कमी करावे, इकामा, म्हणजे राहण्याचा परवाना, रद्द करून पहिल्या बोटीने परत पाठवावे. खाली सहीची जागा मोकळी.

“उद्याची तपासणी होऊ दे,” सर म्हणाले. “मग सही करतो. उद्या तू गच्चीवर यायचं नाहीस. चहा तेवढा दे, त्या पाहुण्याला चहा द्यायला दुसरा कोणी नाही.”

चोराला चहा देऊ द्यायचा, पण नळ्या धुऊ द्यायच्या नाहीत. शिकलेल्या माणसाचा न्याय असा असतो.

कुवेत शहरातल्या मिरगाबमध्ये जुन्या मातीच्या घरातली एक खोली, तिच्यात अकरा कोकणी. त्या दुपारी खोलीवर गफूर एकटाच होता. सोनाराचं दुकान दुपारी बंद. गफूर पन्नाशीचा, तीन लग्नं केलेला आणि दोन मोडलेला, त्यामुळे कुठल्याही विषयावर अधिकाराने बोलायचा. इद्रीसने सगळं सांगितलं. गफूरने शांतपणे ऐकून घेतलं.

“म्हणजे मी चोरीचा धूर घेतला,” तो म्हणाला. “आमच्या दुकानात धूर बाहेर घालवायला दीड दिनाराचा पंखा बसवलाय. आणि तुझा हेडमास्तर म्हणतो आम्ही विकत घेतो. त्याला म्हणावं, ये, पिंपभर फुकट देतो, नाकाने ने.”

“चेष्टा नको, गफूरभाय. सही जाली की मी बोटीवर. गावात जाऊन काय सांगू? हवा चोरली म्हणून हाकलला?”

“तसं सांगू नको. सोनं चोरलं म्हण. जरा मान तरी राहील.”

इद्रीसने ट्रंकेतून एक घडी घातलेला कागद काढला. नळीबरोबर लंडनहून आलेला. सरांनी डब्यावरची एक ओळ वाचली होती. हा कागद कोणी वाचलाच नव्हता. इद्रीस असे सगळे कागद घरी आणून इंग्रजी वाचायला ठेवायचा. तो पालथा पडला आणि बोट ठेवून वाचू लागला. एकेक ओळीला पाच-पाच मिनिटं. गफूर पंख्याने वारा घेत वाट बघत राहिला, कारण त्यालाही दुसरं काम नव्हतं.

“काय म्हणतोय लंडनवाला?”

“म्हणतो, आत एकच वायू नाय. दोन हायत.” इद्रीस सावकाश बोलू लागला. “एक सुटा. त्याचा रंग तपकिरी. असे दोन सुटे एकमेकांना धरतात तेव्हा त्यांची जोडी होते. जोडीला रंगच नाय. पाण्यासारखी, नितळ.”

गफूर पंखा हलवायचा थांबला. “सुटा असला की रंगीत, आणि जोडी जाली की बेरंग?”

“असं लिहिलंय.”

“लंडनवाला लग्न जालेला असणार. पुढे?”

“थंडी पडली की जोड्या होतात. ऊन लागलं की मोडतात.”

“म्हणजे थंडीत निकाह, उन्हात तलाक. मग त्यात त्याने काय नवीन शोधलं? माझं दुसरं मे महिन्यातच मोडलं.” गफूर उठून बसला. “मग तुझं काम जालं. तुझ्या मास्तराने सगळ्यांना फ्रिजमध्ये घालून सगळ्यांचे निकाह लावले. सगळ्या जोड्या जाल्या, रंग गेला. चोरी नाय, वलीम्याची जेवणावळ हाय ती.”

इद्रीसने मान हलवली. त्याला ते अर्धंच पटलं होतं. “पण सगळे नाय. थोडा पिवळा रंग राहिलाच होता. म्हणजे थोडे सुटे उरले.”

“कोणीतरी उरतोच. आमच्या वाडीत बशीर उरलाय. चव्वेचाळीस वर्षं.”

“तसं नाय, गफूरभाय. ऐका.” इद्रीसने कागदावरची एक ओळ तिसऱ्यांदा वाचली. त्याच्या कपाळावर घाम आला होता, आणि तो काही फक्त गरमीचा नव्हता. “हा म्हणतो, विक्रिया थांबत नाय. दोन्ही बाजूंनी चालूच राहते. जोड्या होत राहतात, जोड्या मोडत राहतात. एकाच वेळी.”

“मग रंग हलत कसा नाय?”

तेच. तीन वर्षं मागे उभं राहून इद्रीसला जे पटत नव्हतं ते तेच होतं. सर म्हणायचे थांबली, लंडन म्हणत होतं थांबत नाही. तो उताणा होऊन छताच्या चटईकडे बघत राहिला.

“एक सांगा,” तो म्हणाला. “वाडीत समजा शंभर जोड्या हायत. एका वर्षात दहा निकाह जाले आणि दहा तलाक जाले. जोड्या किती?”

“शंभर.”

“बाहेरून बघणारा काय म्हणेल?”

“काय म्हणेल, वाडीत काही घडतच नाय. शंभर होते, शंभर हायत. आणि आतमध्ये वीस घरांत भांडी फुटलेली.” गफूर हसला. मग हळूच म्हणाला, “अरे. हे बरं हाय.”

“आणि सुटे किती असायला हवेत? शंभर जोड्यांना शंभरच सुटे असं काही हाय?”

“काय संबंध? सुटे चार असतील नायतर चारशे असतील. वाडी वाडीवर हाय.”

“सर सांगतात निम्मे-निम्मे. समान.”

“तुझे सर वाडीत राहिलेत का कधी? काय समान असतं? निकाह आणि तलाक सारखे पडायला हवेत, माणसं कशाला सारखी पडायला हवीत?”

इद्रीस उठून बसला. त्याने हे वाक्य मनात पुन्हा म्हणून बघितलं. सारखी असते ती गती. होण्याची आणि मोडण्याची. माल नाही. थंडी आली की काही वेळ निकाह जास्त, तलाक कमी. जोड्या वाढतात, रंग उतरतो. जोड्याच जास्त झाल्या की मोडणाऱ्याही वाढतात, आणि पुन्हा दोन्ही सारखे पडतात, नव्या आकड्यावर. ऊन आलं की उलट. आणि नळी बंद असल्यामुळे एकही माणूस वाडीबाहेर जात नाही. म्हणून रंग गेला तरी वायू गेला नाही.

“गफूरभाय,” तो म्हणाला, “ती नळी बाहेर काढली की रंग परत येणार.”

“मग काढ.”

“फ्रिजला कुलूप हाय. पुरावा हाय तो.”

गफूरने त्याच्याकडे बघितलं, मग हळूहळू त्याच्या लक्षात आलं की कुलपात गार आहे तोवरच तो पुरावा, आणि तो इतका हसला की शेजारच्या खोलीतल्या पठाणाने भिंतीवर मूठ आपटली.

रविवारी अकरा वाजता उस्ताद शफीक आले. उंच, वाकलेले, खिशात खडू. खिशात खडू असलेला अधिकारी धोकादायक असतो, कारण तो कधीतरी मास्तर होता. सरांनी त्यांना हार घालायचा प्रयत्न केला, तो त्यांनी हातातच घेतला आणि खुर्चीवर ठेवून दिला.

ते म्हणाले, प्रयोगशाळा नंतर बघू, आधी अकरावीचा वर्ग चालू असलेला बघू. धडा कुठला? सर बेसावध होते. वहीत पुढचा जो होता तोच वर्गात चालू होता. समतोल.

वर्ग तळमजल्यावर. खिडक्यांतून उन्हाचा पट्टा आत येत होता. इद्रीस चहाचा ट्रे घेऊन दाराशी उभा राहिला. त्याला गच्चीवर यायची बंदी होती, दाराशी उभं राहायची नव्हती.

“समतोल म्हणजे विक्रिया थांबली,” सरांनी पाहुण्यासाठी इंग्रजीत सांगायला सुरुवात केली. “दोन्ही बाजू समान—”

“एक मिनिट,” उस्ताद म्हणाले. “थांबली हे तुम्हाला कसं कळलं?”

“पुस्तकात आहे.”

“कुठल्या?”

सरांच्या मेव्हण्याचं नाव तिथे सांगण्यासारखं नव्हतं. त्यांनी विषय बदलला. “प्रयोग दाखवला असता, पण दुर्दैवाने... आमच्याकडे नळी होती. सीलबंद. नोकराने आतला वायू चोरला. हाच तो.” त्यांनी इद्रीसकडे बोट दाखवलं. वर्गातल्या पोरांनी माना वळवल्या. “पत्र तयार आहे. पुरावाही आहे.”

उस्तादांनी कप उचलला होता, तो त्यांनी परत ट्रेमध्ये ठेवला. “सीलबंद नळीतून वायू चोरला?”

“हो.”

“काच फोडून?”

“नाही. काच शाबूत आहे.”

“मला तो पुरावा बघायचाय,” उस्ताद म्हणाले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं.

सर स्वतः गेले, कुलूप काढलं, फडक्यात गुंडाळलेली नळी घेऊन आले. नळीवर दव धरलं होतं. फडक्याने पुसून त्यांनी ती वर धरली. फिकी, जवळजवळ नितळ. “बघा.”

इद्रीसने ट्रे पहिल्या बाकावर ठेवला. कागद लंडनचा होता, पण त्याने स्वतः हे कधी करून बघितलं नव्हतं. कागद खोटा निघाला तर बोट ठरलेलीच होती.

“उस्ताद,” तो म्हणाला. मोडकं इंग्रजी आणि बाजारातलं अरबी. “चहा पिऊन होईपर्यंत ती हातात धरा. मग उन्हात धरा.”

“तुला कोणी विचारलं?” सर म्हणाले.

“मी विचारतो,” उस्ताद म्हणाले. त्यांनी नळी घेतली, तळहातात मिटली, आणि दुसऱ्या हाताने चहा पिऊ लागले. सावकाश. चहा संपला तेव्हा त्यांनी मूठ उघडली. चहापेक्षा किंचित फिकी. मग ते खिडकीशी गेले आणि नळी उन्हाच्या पट्ट्यात धरली. पुढच्या दोन-तीन मिनिटांत रंग चढत गेला, चहा, मग गूळ, मग कात. शेवटी नळी शेडमध्ये असायची तशीच झाली.

मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, “वायू परत आला.”

“गेला नव्हताच,” इद्रीस म्हणाला.

आता उस्ताद त्याच्याकडे वळले. खरी परीक्षा आत्ता होती, आणि ती अकरावीच्या पोरांची नव्हती. “हा रंग आता स्थिर झाला,” ते म्हणाले. “म्हणजे आत सगळं थांबलं?”

अरबीत निकाहला निकाह आणि तलाकला तलाकच म्हणतात, हे इद्रीसचं नशीब. “नाही उस्ताद. निकाह चालू. तलाक चालू. दोन्ही सारखे. म्हणून बाहेरून काही दिसत नाही.”

उस्तादांच्या भुवया वर गेल्या. “आणि सुटे आणि जोड्या? निम्मे-निम्मे?”

“नाही. किती सुटे, किती जोड्या, ते गरमीवर. फ्रिजमध्ये जोड्या जास्त. उन्हात सुटे जास्त. खोलीत ठेवा, तिसरं काहीतरी. पण खोलीत फ्रिजमधून आणा नाहीतर उन्हातून आणा, अर्ध्या तासाने रंग एकच.”

शेवटचं वाक्य कागदात नव्हतं. ते त्याचं त्यालाच सुचलं होतं, बसमध्ये येताना.

उस्तादांनी सरांकडे बघितलं. “मुदीर साहेब, तुम्ही या मुलांना थांबली म्हणून सांगत होता.”

इद्रीसला त्या क्षणी लख्ख दिसलं की आता फक्त गप्प राहायचं. उस्ताद कागदावर ‘नाही’ लिहितील, बदरुद्दीनची धिंड सगळ्या सालमियात निघेल, आणि खोलीवर गफूर पुढची दहा वर्षं ही गोष्ट सांगेल. पण अकरावी बंद झाली की गच्चीवरची शेड बंद, आणि शेड बंद झाली की नळ्या धुणारा कशाला? चोर म्हणून नाही, तर जादा म्हणून बोटीवर. गाढवाला लाथ घालायची तर आपणच त्याच्या पाठीवर बसलेलो.

या जगात गरीब माणसाला खरं बोलण्याआधी एवढा हिशेब करावा लागतो, आणि तो करतो म्हणून शिकलेले त्याला लबाड म्हणतात.

“सर आधी चूक सांगतात,” इद्रीस म्हणाला. “मुद्दाम. मग नळी दाखवतात. म्हणजे मुलांच्या डोक्यात बसतं. मला सरांनीच शिकवलं.”

उस्तादांनी एकदा वर्गाकडे, एकदा सरांकडे बघितलं.

“आणि चोरीचं?”

“तेही त्यातलंच,” सर घाईने म्हणाले. त्यांचा आवाज किनरा झाला होता. “नाट्य. विद्यार्थ्यांची उत्सुकता वाढावी म्हणून.”

उस्ताद शफीक हसले नाहीत. त्यांनी नळी कापडात गुंडाळली आणि सरांच्या नाही, इद्रीसच्या हातात दिली. मग खिशातून कागद काढून बाकावर ठेवून सही केली. “एका वर्षाची परवानगी,” ते म्हणाले. “पुढच्या वर्षी मी पुन्हा येईन. याच धड्याला. आणि तेव्हा मला हे तुमच्या तोंडून ऐकायचंय, मुदीर साहेब, याच्या नाही. याला कुठे जाऊ देऊ नका, तुम्हाला लागेल.”

पाहुणे गेल्यावर सरांनी इद्रीसला खोलीत बोलावलं. एअर कंडिशनर घरघरत होता. सर खुर्चीत बसले, उठले, परत बसले. त्यांनी स्वतः एक आंबा काढून टेबलावर इद्रीसपुढे ठेवला. इद्रीसने तो घेतला नाही.

“बरं बोललास,” सर म्हणाले. “म्हणजे, मी सांगितल्याप्रमाणेच बोललास.”

“ते पत्र, सर.”

“पत्राचं काय, ते आपलं नाट्यच होतं ना.”

“मग नाट्याचा कागद फाडा.”

सरांनी त्याच्याकडे बघितलं. मग ड्रॉवर उघडला, पत्र काढलं, आणि त्याचे दोन तुकडे केले. इद्रीस उभाच राहिला. सरांनी चार केले, मग आठ. आठ झाल्यावर इद्रीस वळून दाराकडे निघाला.

“इद्रीस.”

“जी.”

सरांनी मेव्हण्याची वही उघडली होती. समतोलाचं पान. त्यांनी ‘थांबली’ या शब्दावर रेघ मारली होती आणि पेन हवेत धरून बसले होते. “ते तू जे बोललास. चालू असतं, तरी दिसत नाही. ते... परत एकदा सांग. सावकाश.”

इद्रीसला वाटलं, निघून जावं. तीन वर्षं मागे उभं राहिलो, याला एक दिवसही वाटलं नाही की मागे उभा आहे त्यालाही कान आहेत. पण पुढच्या वर्षी तो उस्ताद येणार होता, आणि याला आलं नाही तर पुन्हा बोट. तो परत आला. बसायला कोणी सांगितलं नव्हतं, तरी खुर्ची ओढून बसला.

“समजा वाडीत शंभर जोड्या,” तो म्हणाला.

सर लिहू लागले. मधेच थांबले. “वर्गात मुलीही आहेत. ‘निकाह’ लिहू का?”

“लिहा.”

“आणि दुसरा शब्द? तो जरा... पालक काय म्हणतील?”

“तोपण लिहावा लागेल, सर. नुसते निकाहच लिहिलेत तर धडा चुकेल.”

सरांनी सुस्कारा सोडला आणि लिहिलं.

पगार तोच राहिला. हुद्दाही तोच, नळ्या धुणारा. फक्त त्या वर्षीपासून रसायनशास्त्राचा तास सुरू व्हायच्या आधी हेडमास्तर मेव्हण्याची वही काखेत घेऊन अर्धा तास गच्चीवर इद्रीसकडे जाऊ लागले, पत्र्याखाली, घामाने निथळत. शाळेत लोक म्हणत, सर आता प्रयोगशाळेवर जातीने लक्ष ठेवतात.